लहर आणि भिंत

पाटण हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. डोक्यावर दातेगड, चहूंकडे सह्याद्रीच्या रांगा आणि त्या रांगांच्या माथ्यावर वनकुसवड्यासारखी विस्तीर्ण पठारे, अशी या खोऱ्याची ठेवण आहे. पठारांवर आता पवनचक्क्यांचे तांडे उभे आहेत. खाली खोऱ्यात मात्र सूर्यदेखील उशिरा उगवतो व लवकर मावळतो. असल्या ठिकाणी दूरच्या माणसाचा शब्द बिनतारी मार्गाने घरात आणावयाचा म्हणजे दोन भिंती ओलांडाव्या लागतात. पहिली निसर्गाने उभारलेली डोंगराची, आणि दुसरी माणसाने आपल्या हातांनी उभारलेली, घराची. पहिल्या भिंतीविषयी पुष्कळ बोलले जाते. दुसरी मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. वस्तुतः बिनतारी विद्येचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दुसऱ्या भिंतीचाच इतिहास आहे.

हिंदुस्थानात या विद्येचा जो पहिला जाहीर प्रयोग झाला तो भिंतीचाच होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या समक्ष एका खोलीत विद्युल्लहरी निर्माण केल्या. त्या भिंतींतून पार जाऊन सुमारे पंचाहत्तर फुटांवरील दुसऱ्या खोलीत पोचल्या, तेथे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा बारही उडाला. मध्ये तार नव्हती, दारही उघडे नव्हते. प्रेक्षकांच्या दृष्टीने चमत्कार होता तो हाच. बोसांच्या लहरी अतिशय आखूड होत्या; काही मिलिमीटरांपासून दोन-अडीच सेंटिमीटरांपर्यंत. त्या भिंतीतून गेल्या याचे कारण भिंत कोरड्या विटेची व चुन्याची होती. तिच्या जागी लोखंडाचा पत्रा असता तर घंटा मुकीच राहिली असती. विद्युल्लहरीला वीट, लाकूड, कौल हे पडद्यासारखे असतात. धातू मात्र आरशासारखा असतो, तो लहरीला परत फिरवतो. ओल्या वस्तूंचे निराळेच. त्या लहरीला परतवीत नाहीत, गिळून टाकतात.

मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती, आणि भरवशाने ऐकू येण्याची मर्यादा सुमारे तीस मैल धरली जाई. पाटण तेथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांवर. दिवसा काही ऐकू येण्याची आशाच नव्हती. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून लहरी परावर्तित होऊन दूरवर उतरतात, म्हणून ज्याच्यापाशी चांगला संच व भरपूर चिकाटी असेल त्याला घरघरीतून गाण्याचा एखादा तुकडा सापडे. त्या वर्षाच्या अखेरीस सबंध हिंदुस्थानात परवानाधारक श्रोते साडेतीन हजारांच्या आसपास होते. यावरून ही चैन किती थोड्यांची होती ते कळेल.

त्या काळी संच विकत आणणे हे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम घराच्या छपरावर करावे लागे. घराच्या आढ्यापासून समोरच्या झाडापर्यंत किंवा वाशापर्यंत पन्नास-शंभर फूट तांब्याची तार ताणायची, तिच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे गोळे बांधून ती अधांतरी ठेवायची, मग तिची एक शाखा खिडकीच्या चौकटीतून नळीत घालून आत आणायची. याला एरियल म्हणत. दुसरी तार जमिनीत. ती ओल्या जागी पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेली असे, आणि उन्हाळ्यात त्या जागेवर घागरभर पाणी ओतण्याचे काम घरातील एखाद्या मुलाकडे येई. विजा चमकू लागल्या की बाहेरच्या बाहेर एरियल जमिनीला जोडून देण्याचा खटका असे; वळवाच्या दिवसांत तो विसरणे धोक्याचे होते. एवढा खटाटोप कशासाठी? लहर घरात येते ती थकलेली असते. छपरावर ती ताजी असते. म्हणून घराबाहेरची लहर तारेने धरून आत आणायची, एवढेच त्यातील तत्त्व. या तत्त्वात गेल्या शंभर वर्षांत तिळमात्र बदल झालेला नाही. पुढे जे काही झाले ते याच तारेचे फेरफार होत.

त्याच काळातील एक उपद्रव येथे नोंदवून ठेवला पाहिजे, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे. अशक्त लहर मोठी करण्यासाठी स्वस्त संचांत एक युक्ती वापरीत. दिव्याने, म्हणजे व्हॉल्व्हने, वाढवलेल्या लहरीचा थोडा अंश पुन्हा त्याच दिव्याच्या तोंडाशी आणून सोडायचा, की ती आणखी वाढते. बटण थोडे जास्त फिरले की मात्र संच स्वतःच लहरी फेकू लागे, एरियल त्या चौफेर पसरवी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संचांतून कर्कश शीळ ऐकू येई. विलायतेत बी. बी. सी.ला आपल्या श्रोत्यांना या बाबतीत वारंवार विनवावे लागले. ऐकण्याचे यंत्र न कळत बोलण्याचे यंत्र बनते, आणि आपल्या घरातील सुधारणा दुसऱ्याच्या घरात अडचण होते, हा अनुभव तेव्हाचा आहे.

डोंगराच्या भिंतीवर पहिला उपाय आकाशातूनच आला. १९३८ साली मुंबईत लघुलहरींचे क्षेपण सुरू झाले. या लहरी वर जाऊन आकाशाच्या विद्युद्भारित थरावरून खाली परततात. जे वरून उतरते त्याला डोंगर अडवू शकत नाही. पाऊस जसा खोऱ्यातही पडतो, तशी ही लहरही खोऱ्यात पडते. आवाज चढे-उतरे, कधी पार विरून जाई, तरीही सह्याद्रीच्या आड बसलेल्या माणसाला मुंबई गाठता येऊ लागली. पुढे पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि सांगलीचे १९६३ साली. पुणे पाटणपासून सव्वाशे किलोमीटर, सांगली नव्वद. पुढे ७९२ किलोहर्ट्झ हे पुण्याचे चिन्हच होऊन बसले. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. एवढी लांब लहर डोंगराच्या कडेवरून वाकून खोऱ्यात उतरू शकते. आणि घराची भिंत तिच्यापुढे किती? हात-दीड हात!

यामुळेच १९५६ साली पुणे केंद्रावरून जो प्रयोग झाला तो शक्य झाला. युनेस्कोच्या साहाय्याने खेड्यांतील श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतील १५० गावे त्यासाठी निवडली होती. पाटण तालुका तेव्हा उत्तर सातारा जिल्ह्यातच होता. शेतकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, ऐकलेल्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडायचे, असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे परीक्षण केले, आणि या प्रयोगाचा बोलबाला परदेशांतही झाला. तो प्रयोग शेतीशिक्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट होती. लहर प्रत्येक घरात नेण्याऐवजी माणसांना घरांतून उठवून, लहर जेथे येते तेथे, एका संचाभोवती आणले होते. भिंत ओलांडण्याचा हाही एक मार्गच, आणि सर्वांत स्वस्त.

यानंतर तार नाहीशी झाली. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. दहा-पंधरा वर्षांत तो खेडोपाडी पोचला. त्याबरोबर फेराइट नावाच्या काळ्या, लोहमिश्रित पदार्थाची बोटाएवढी कांडी आली. तिच्यावर बारीक तारेचे वेढे दिले की पन्नास फुटांच्या एरियलचे काम संचाच्या पोटातच होऊ लागले. छपरावरची तार गेली, जमिनीतला पत्रा गेला, पाणी ओतण्याचे कामही गेले. उरले एवढेच की आवाज नीट येईना तर संच जरा फिरवायचा, कारण कांडी आडवी असेल त्या दिशेने अधिक ऐकते. शेताच्या बांधावर, झाडाच्या फांदीला, सायकलीच्या दांड्याला ट्रान्झिस्टर लटकू लागला. दोन पिढ्या अशा वाढल्या की, लहरीला भिंत असते हे त्यांना ठाऊकच राहिले नाही. घरात बसले की ऐकू येते, हे त्यांना पाण्याच्या ओलेपणाइतके स्वाभाविक वाटले.

हा भ्रम दूरचित्रवाणीने पहिल्यांदा मोडला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून त्याचे सहक्षेपण होऊ लागले. चित्राच्या लहरी काही मीटरच लांब. त्या डोंगराला वळसा घालीत नाहीत, जवळजवळ सरळ जातात. साहजिकच छपरावर तार परत आली. या वेळी ती ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, माशाच्या काट्यासारखी होती, आणि पंधरा-वीस फूट उंच काठीवर चढली होती. एक जण वर चढून काठी फिरवीत आहे आणि दुसरा खिडकीतून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडत आहे, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला नवे नाही.

बूस्टर हा शब्द मराठी घरात आला तो या काठीवरून. काठीच्या वरच्या टोकाशी एक लहानशी डबी आणि घरात संचापाशी तिला वीज पुरवणारी दुसरी डबी, असे त्याचे दोन भाग. वरची डबी खाली, संचाजवळ का लावू नये, असा प्रश्न अनेकांना पडे, आणि काही जण ती तशी लावीतही. चित्र मात्र सुधारत नसे. कारण साधे आहे. तारेतून खाली येताना लहर क्षीण होते आणि तिच्यात खरखर मिसळते. खाली वाढवली तर लहरीबरोबर खरखरही तेवढीच वाढते. म्हणून जेथे लहर स्वच्छ असते तेथेच, काठीच्या टोकाशी, तिला बळ द्यावयाचे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील डोंगरी गावांनी १९४८ च्या सुमारास याच्याही पुढे पाऊल टाकले होते. त्यांनी सबंध गावासाठी एकच एरियल टेकडीच्या माथ्यावर उभारले, तेथे वर्धक बसवला आणि तारेने लहर घरोघर वाटली. आज ज्याला केबल म्हणतात तिचा जन्म अशा खोऱ्यांत झाला. ज्यांना सर्व काही सहज दिसत होते त्या शहरांत नव्हे.

आता कोयनेकडे वळले पाहिजे, कारण भिंतीचा प्रश्न पाटणच्या परिसरात जितक्या कठोर स्वरूपात उभा राहिला तितका तो महाराष्ट्रात क्वचितच कोठे राहिला असेल. कोयनेचे पाणी धरणामागे अडवून ते पाटण तालुक्यातील नवजाजवळून बोगद्यात घेतले, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे नेले आणि कोकणच्या बाजूला पोफळी येथे साडेचारशे मीटरांहून अधिक खाली सोडले. तेथील वीजगृह उघड्यावर नाही. डोंगराच्या आत खडक कोरून केलेल्या प्रचंड दालनात आहे. १९६२ साली त्यातून वीज निर्माण होऊ लागली. ही महाराष्ट्रातील एक विलक्षण इमारत म्हटली पाहिजे. तिला बाहेरून दिसणाऱ्या भिंतीच नाहीत, कारण तिची भिंत म्हणजे सबंध सह्याद्री.

अशा दालनात बिनतारी लहर पोचत नाही. ओलसर काळ्या पाषाणात लहर शिरते आणि थोड्याच अंतरात मालवते. म्हणून भूमिगत कामांत बोलण्याचा पहिला आधार नेहमी तारेचाच राहिला. विजेच्या जगात आणखी एक सोय असते. ज्या उच्चदाबाच्या तारा वीज वाहून नेतात, त्यांच्यावरच काही दशांश किलोहर्ट्झपासून नव्हे, तर चाळीसपासून पाचशे किलोहर्ट्झपर्यंतच्या कंपनांची लहर चढवून एका वीजकेंद्राचे बोलणे दुसऱ्या केंद्राला ऐकवता येते. तार एकच, ती वीजही नेते आणि शब्दही. गंमत अशी की, या पद्धतीत बिनतारी विद्या वापरायची ती तारेवरूनच!

परंतु तारेने बोलायचे तर तार जेथे संपते तेथे माणसाला उभे राहावे लागते. खाणीत, बोगद्यात हिंडणाऱ्या माणसाला तो दूरध्वनी काय कामाचा? याचे उत्तर बेल्जम व इंग्लंड येथील कोळशाच्या खाणींत १९६० व ७० च्या दशकांत तयार झाले. नेहमीच्या केबलीत आतल्या तारेभोवती धातूचे सलग वेष्टन असते, ते लहर बाहेर जाऊ नये म्हणून. खाणीतील मंडळींनी मुद्दाम त्या वेष्टनाला चिरा व भोके ठेवली. अशी केबल बोगद्याच्या भिंतीवर सबंध लांबी ताणली की लहर तिच्यातून वाहत जाते आणि वाटेत जागोजाग थोडी थोडी पाझरते. ठिबक सिंचनाच्या नळीला जशी ठरावीक अंतरावर छिद्रे असतात, तसेच हे. या पाझरत्या केबलीपासून काही पावलांवर हिंडणाऱ्या माणसाच्या हातातील संच बोलू-ऐकू लागला. मध्ये लहर थकली की तेथे वर्धक बसवून तिला नवे बळ द्यायचे. जगातील कित्येक भुयारी रेल्वे आज याच उपायाने बोलतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. पोफळीची यंत्रे थांबली आणि दूर मुंबई अंधारात बुडाली, कारखाने बंद पडले. अशा प्रसंगी कोणते साधन उपयोगी पडते? वीज गेलेली, तारा तुटलेल्या. संचाच्या पोटात सेल आणि कांडी असलेला ट्रान्झिस्टर मात्र चालू राहतो. बाहेरच्या विजेवर अवलंबून नसणे हा त्याचा गुण शांततेच्या दिवसांत कोणाच्या ध्यानातही येत नाही. तथापि तो ऐकतो, बोलत नाही. ढिगाऱ्याखाली सापडलेल्याचा आवाज बाहेर नेणारे साधन तेव्हा नव्हते.

इमारतीच्या आत लहर पोचवणे हा सोयीचा प्रश्न नसून कधी जिवाचा प्रश्न होतो, हे जगाला न्यूयॉर्कमध्ये कळले. तेथील जागतिक व्यापार केंद्राच्या एकशेदहा मजली जोड मनोऱ्यांत १९९३ साली बॉम्बस्फोट झाला, तेव्हा अग्निशमन दलाच्या हातातील संच पोलाद व काँक्रीटमधून एकमेकांशी बोलू शकले नाहीत. म्हणून तेथे खास वर्धक बसवण्यात आला. वर चढलेल्या माणसाचा क्षीण आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि खाली पोचवायचा, हे त्याचे काम. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी विमाने आदळली. वर्धक चालू करण्यासाठी दोन बटणे दाबावी लागत. एक दाबले गेले, दुसरे राहिले. उत्तरेकडील मनोऱ्यात अधिकाऱ्यांनी तो तपासून पाहिला, आवाज येईना, तेव्हा यंत्र बिघडले असे समजून त्यांनी तो मार्गच सोडला. दक्षिणेकडील मनोऱ्यात एका अधिकाऱ्याने त्याच मार्गावर बोलून पाहिले, तो चालत होता, आणि त्याच्या आधाराने तो ७८ व्या मजल्यापर्यंत चढताना खालच्यांशी बोलत राहिला. दक्षिण मनोरा कोसळल्यावर उत्तर मनोऱ्यातील लोकांना बाहेर पडण्याची आज्ञा दिली गेली. ती काहींना ऐकू गेली, काहींना नाही. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ लोक प्राणास मुकले. त्या सर्वांचे मरण एका बटणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चौकशी आयोगानेही तसे केलेले नाही. परंतु यंत्र बसवलेले आहे एवढ्यावर विसंबता येत नाही, ते कसे चालते हे त्या क्षणी हाताला ठाऊक असावे लागते, इतके त्यावरून निश्चित कळते. त्यानंतर अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत, मोठ्या इमारतीच्या आत मदत-पथकांचे संच चालले पाहिजेत आणि त्यासाठी बसवलेल्या वर्धकाला वीज गेल्यावरही काही तास चालवील अशी बॅटरी असली पाहिजे, अशा अटी आल्या.

हिंदुस्थानात हा प्रश्न घरोघर पोचवला तो मोबाईलने. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये पहिले संभाषण झाले. त्या लहरी ९०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे हातभराहूनही आखूड, सुमारे ३३ सेंटिमीटरांच्या. पुढे १८०० मेगाहर्ट्झ आले, लांबी सतरा सेंटिमीटर झाली. पाचव्या पिढीत ३५०० च्या आसपास येऊन ती साडेआठ सेंटिमीटरांवर आली. २०२२ च्या लिलावात तर २६ गिगाहर्ट्झच्या, अकरा-साडेअकरा मिलिमीटरांच्या लहरी विकल्या गेल्या. सव्वाशे वर्षांनी विद्या फिरून बोसांच्या लहरींपाशी आली म्हणावयाचे. फरक एवढाच की, बोसांच्या वेळची भिंत आता राहिलेली नाही. तीत लोखंडी सळयांची जाळी आली, छपरावर पत्रा आला, खिडकीला उष्णता परतवणारी धातूचा मुलामा दिलेली काच आली. असली एक काच लहरीची शक्ती शंभर ते हजार पटींनी घटवू शकते. जांभ्या दगडाच्या व कौलांच्या घरात मोबाईल बोलतो आणि त्याच्या शेजारच्या नव्या काँक्रीटच्या घरात मुका होतो, याचे रहस्य हेच. उष्णता रोखणारी भिंत शब्दही रोखते.

म्हणून तार तिसऱ्यांदा परत आली. मोठ्या रुग्णालयात, कचेरीत, तळघरात आज जी व्यवस्था करतात तिचे मूळ अंग जुन्या एरियलचेच आहे. छपरावर किंवा मनोऱ्याकडे तोंड करून एक एरियल, तेथून जाड केबल, मध्ये वर्धक, आणि त्यापुढे शाखा फुटून प्रत्येक मजल्याच्या छताला लावलेली बशीएवढी लहान एरियले. फार मोठ्या इमारतीत छपरावरची लहर न घेता दूरध्वनी कंपनी आपली काचतंतूंची वाहिनी सरळ आतच आणते. मेख आहे ती आतली व बाहेरची एरियले एकमेकांपासून दूर ठेवण्यात. आतल्या एरियलाचा आवाज बाहेरच्याने ऐकला की तो पुन्हा वर्धकात शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा बाहेर पडतो, आणि सभेतील ध्वनिवर्धक जसा एकाएकी किंचाळू लागतो तसा हा वर्धक किंचाळू लागतो. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही, मनोऱ्याला येते. १९२० च्या दशकातील तीच ती शीळ!

दूरचित्रवाणीचा बूस्टर आणि मोबाईलचा बूस्टर यांतील भेद येथे ध्यानात येईल. पहिला फक्त ऐकत असे. दुसऱ्याला बोलावेही लागते, घरातला शब्द मनोऱ्यापर्यंत न्यावा लागतो. बाजारातून स्वस्तात आणलेला व कसाही टांगलेला बूस्टर एका घराला आवाज देतो आणि आजूबाजूच्या शेकडो लोकांच्या संभाषणात खरखर ओततो. आपल्या घरात लहर चांगली यावी ही इच्छा गैर नाही. परंतु लहर ही विहिरीच्या पाण्यासारखी नसून पाटाच्या पाण्यासारखी आहे, आणि पाटाला पाळी असते.

कायद्याची दृष्टी याविषयी प्रथमपासून कडक राहिली. १९३३ चा बिनतारी अधिनियम १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला, आणि नुसता ऐकण्याचा संच बाळगण्यालाही परवाना लागू लागला. १९४२ साली याचे टोक दिसले. चलेजावच्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला तो प्रथम बोलला. पोलिसांना चुकवीत तो एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिला आणि १२ नोव्हेंबरला सापडला. भिंत माणसाला लपवते, लहरीला लपवीत नाही. दिशा शोधणाऱ्या यंत्रांना ती वाट दाखवतेच. स्वातंत्र्यानंतर ऐकण्याचा परवाना पुष्कळ वर्षे चालू राहून १९८० च्या दशकात रद्द झाला. लहर फेकणाऱ्या यंत्रांवरील निर्बंध मात्र कायम राहिले. २०२२ साली दूरसंचार विभागाने जाहीर केले की, परवानाधारक दूरध्वनी कंपन्यांखेरीज कोणीही मोबाईलचा बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर आहे. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने जुन्या कायद्यांची जागा घेण्याची तजवीज केली, तरी हे तत्त्व बदललेले नाही.

मग कोणी बसवायचा, आणि खर्च कोणी सोसायचा? मुंबईत कुलाबा ते आरे या ३३.५ किलोमीटरांच्या भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला, तेव्हा प्रवासी जमिनीखाली उतरताच त्यांचे मोबाईल मुके झाले. मेट्रो महामंडळाने लहर वाटण्याचे काम एका त्रयस्थ संस्थेकडे सोपवले होते, आणि दूरध्वनी कंपन्यांना आपली यंत्रे स्वतः बसवावयाची होती. तंत्राची अडचण नव्हती. भाड्याची व अधिकाराची होती. त्याच महिन्यात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इमारतींना त्यांच्या आतील संपर्काच्या दर्जावरून तारांकित श्रेणी देण्याचे नियम काढले. घर घेणाऱ्याने पाणी, वीज, उजेड जसे पाहावे तशी आत लहर येते की नाही हेही पाहावे, असा त्यातील आशय आहे. नळ व वीज यांच्या नळ्या भिंत बांधतानाच घालतात. लहरीची केबल मात्र भिंत रंगवून झाल्यावर आठवते, ही आपल्याकडील नेहमीची रीत. ती महाग पडते.

पाटणच्या खोऱ्यात २२ व २३ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टी झाली. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या डोंगरउतारावरील वस्त्यांवर दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. रस्ते तुटले, वीज गेली आणि गावांशी संपर्क साधणे दुरापास्त झाले. मोबाईलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेल्यावर त्याची बॅटरी टिकेल तितकाच तो बोलतो. मनोरा मुका झाल्यावर इमारतीतील उत्तमोत्तम वर्धकालाही वाढवायला काही उरत नाही. शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. म्हणून खोऱ्यातील शाळा, ग्रामीण रुग्णालये, ग्रामपंचायतीची कार्यालये, जेथे आपत्तीत माणसे आसऱ्याला येतात, तेथे ही व्यवस्था करताना तीन गोष्टी एकदम पाहाव्या लागतात: मनोऱ्याला वीज कोण देणार, छपरावरील एरियलापासून तळमजल्यापर्यंतची केबल पावसाळ्यापूर्वी कोण तपासणार, आणि वर्धकाच्या पेटीची किल्ली रात्री कोणाच्या घरी असते. अर्ज करावयाचा तो दूरध्वनी कंपनीकडे. कायद्याने पेटी तिनेच बसवावयाची. किल्लीचे मात्र गावानेच ठरवायचे असते.